पिवळ्या गाडीचा आवाज

बोलणाऱ्या रेसच्या गाड्यांच्या कार्टून सिनेमात, पहिल्या भागात, पिवळ्या गाडीचा मराठी आवाज माझा होता. डबिंगमध्ये आरडाओरडा आम्ही शेवटी ठेवायचो, कारण एकदा घसा बसला की दिवस गेला. शर्यतीतली धाप तर मी माइकसमोर उड्या मारून आणली होती.

दुसऱ्या भागाला मला कुणी बोलावलंच नाही. परवा ट्रेलर आला आणि गाडी माझ्याच आवाजात बोलली. ती वाक्यं मी कधीच बोललेलो नाही! स्टुडिओला फोन केला तर म्हणे, "सर, तुमचा जुना आवाज मशीनला शिकवलाय." मला न विचारता! आणि वर पुन्हा 'सर'. आमच्या एव्हरशाईन सोसायटीतले शेजारी लिफ्टमध्ये अभिनंदन करतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

रविवारी निर्मळ गावी आईकडे गेलो. ती मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसली होती. भाचीने तिला मोबाइलवर ट्रेलर दाखवला. आता हिच्याकडूनही कौतुक ऐकायचं, म्हणून मी मान खाली घातली. आईने तो पुन्हा लावायला सांगितला आणि सुई हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"तुला बरं नाही का रे?" ती म्हणाली. "एवढं बोललास, पण श्वास कुठेच घेतला नाहीस."