निळ्या काठाचा कप आणि अमेरिकेचं मतदान

अमेरिकेतल्या निवडणुकीचा निकाल अमेरिकेच्याही आधी कुठे लागत असेल, तर तो प्रवरेकाठी, कोल्हारच्या अलीकडच्या एका गावात, माझ्या सासऱ्यांच्या ओट्यावर. माणूस मुंबईच्या पुढे कधी गेलेला नाही. मुंबईलाही एकदाच गेला आणि 'शेजारी कोण राहतं ते सुदीक ठाऊक न्हाई ह्यांना' असं म्हणून परतला. इंग्रजीशी त्यांचा संबंध डिझेल आणि युरिया यांच्यापुरता. पण तिकडच्या कुठल्या गावात गोऱ्यांची वस्ती कुठे संपते आणि काळ्यांची कुठे सुरू होते, हे ते स्वतःच्या उसाचा बांध दाखवावा इतक्या खात्रीने सांगतात. मला पाहायला आले तेव्हासुद्धा पगार नाही, शिक्षण नाही, थेट विचारलं, "शेजारी कोण राहत्यात? जाणंयेणं हाय का?" मी म्हणालो, आहे. तेवढ्यावर मुलगी दिली. पुढे कळलं, तो प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात, मुलगी द्यायची असो की म्हैस घ्यायची असो.

त्यांचं शास्त्र पाण्याचं. उमेदवार दारात आला की पाणी सगळेच देतात, वैऱ्यालाही देतात. पण सासऱ्यांचं म्हणणं, पाणी कोण आणतं ते बघा. घरधन्याने स्वतः तांब्या आणला तर मत पक्कं. सुनेच्या हाती धाडला तर घर दुसरीकडे फिरलंय. आणि उमेदवाराने फुलपात्र ओठाला न लावता बाजूला ठेवलं, तर मत द्यायचं मनात असलं तरी ते घर देत नाही. "माणूस मत देताना डोकं वापरत न्हाई जावईबापू," ते म्हणतात, "कुणाच्या घरचं पाणी घशाखाली उतरतं, ते मत देतं." या शास्त्रावर त्यांनी शुगर फॅक्टरी सांगितली, सोसायटी सांगितली, आणि माझ्या लेकीच्या वर्गात मॉनिटर कोण होणार तेही सांगितलं. लेकीला एवढंच विचारलं, मधल्या सुट्टीत कुणाच्या डब्यातलं जास्त पोरं खातात? तिने एक नाव सांगितलं. तीच पोरगी निवडून आली. त्या दिवसापासून आमची ही वडिलांपुढे निवडणुकीचा विषयच काढत नाही.

धाकटी मेव्हणी लग्न होऊन अमेरिकेला गेली, यथावकाश तिकडची नागरिक झाली, मतदार झाली, आणि सासऱ्यांच्या शास्त्राला नवं रान मिळालं. पण पहिल्याच घासाला खडा लागला. ती म्हणाली, "आप्पा, इथं कुणी कुणाच्या घरात शिरत नाही. उमेदवार दार वाजवतो, कागद देतो आणि जातो." सासरे चार दिवस नीट जेवले नाहीत. पाणीच नाही तर मोजायचं कशावर? मग त्यांना न्हावी सुचला. गावातला एक इंजिनियर तिकडून सुट्टीला आला होता, त्याला यांनी एका लग्नाच्या पंगतीत गाठलं. पोरगं जिलेबी तोंडात घालतंय तोच विचारलं, "तिकडं काळे आन गोरे एकाच दुकानात कटिंग करत्यात का?" इंजिनियर म्हणाला, "तसलं काही नसतं हो तिकडं. लोक मुद्द्यांवर मत देतात." सासऱ्यांनी विचारलं, "तू कुठं कटिंग करतोस?" तो म्हणाला, "घरीच. बायको मशीन फिरवते." "मग तुला काय डोंबल ठाऊक!" असं म्हणून सासरे मठ्ठ्याकडे वळले.

आता गुरुजींबद्दल सांगायला हवं. गुरुजी म्हणजे मिशन आळीतले निवृत्त हेडमास्तर. निम्म्या गावाचे कान त्यांनी पिळलेले, उरलेल्या निम्म्याच्या बापांचे पिळलेले. सासऱ्यांचा आणि त्यांचा स्नेह जुना. रोज सकाळी गुरुजी ओट्यावर येणार, पेपर मोठ्याने वाचणार, सासरे त्यावर भांडणार, आणि सासूबाई चहा आणणार. आम्हा सगळ्यांना स्टीलच्या कपात. गुरुजींना मात्र निळ्या काठाचा चिनी मातीचा कप. तो दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही. मी या घरचा जावई, दिवाळसणाला मला सोन्याची अंगठी मिळाली, पण तो कप कधी मिळाला नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा. चहा झाला की गुरुजी तो कप स्वतः नळाखाली विसळायचे आणि खिडकीत पालथा घालायचे. शिस्तीचा माणूस, दुसरं काय, असं मी म्हणायचो.

मध्यंतरी मिशनच्या जुन्या कबरस्तानात अमेरिकेहून एक म्हातारं जोडपं आलं होतं, आजोबांची कबर शोधायला. अमेरिका चालत दारात आलीय म्हटल्यावर सासरे कुठले थांबतात! गुरुजींना दुभाषी करून पोचलेच. कबरीला फूल वाहिलं आणि लगेच विचारलं, "मत कुणाला देता?" म्हातारा लालबुंद झाला. गुरुजींनी सांगितलं, तिकडे हे विचारत नाहीत. "मग शेजारी कोण, ते तर इचारा." म्हातारी मोकळी होती. म्हणाली, शेजारी काळं कुटुंब होतं, फार भली माणसं. मग तुमी अजून तिथंच का? नाही, आम्ही दुसरीकडे घर घेतलं. का? म्हातारीने कबरीवरचं फूल सारखं केलं आणि म्हणाली, शाळांसाठी. गुरुजींनी तो शब्द मराठीत सांगितला तेव्हा त्यांच्या मिशीत बारीकसं हसू होतं. सासरे येताना सबंध रस्ताभर तेच घोळवत होते. "तिकडं शाळा म्हणत्यात. आपल्याकडं कुणाचा शेजार नको असला की गटाराचं निमित्त, पोरांच्या वळणाचं निमित्त. खरं कारन कुनीच सांगत न्हाई. खोटं बोलत्यात असंबी न्हाई गुरुजी, त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं बहुतेक." गुरुजी म्हणाले, "बहुतेक."

मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. सासऱ्यांच्या गावचं सरपंचपद खुलं झालं, आणि गुरुजींच्या मनात आलं की उभं राहावं. मिशन आळी गावकुसाबाहेरची, ख्रिस्ती झालेल्यांची; तिथलं माणूस खुल्या जागेवर कधी उभं राहिलं नव्हतं. त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "आप्पा, अंदाज काय?" सासऱ्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "डोळे झाकून फॉर्म भरा! गावात असं एक घर दाखवा जिथं तुमाला चहा येत न्हाई. पानी न्हाई, चहा! मी आजवर असा उमेदवार बघितला न्हाई." गुरुजी विचार करतो म्हणाले.

दुसरीकडे अमेरिकेत मेव्हणीची शेजारीण, एक काळी बाई, तिथल्या शाळा समितीला उभी राहिली आणि मेव्हणी तिच्याबरोबर दारोदार फिरू लागली. सासरे तिला इथून फोनवर शास्त्र शिकवत होते. पाणी नाही तर नाही, दार बघ. किती उघडतं, माणूस उंबऱ्याच्या बाहेर येतो का, बोलताना हात दारावरून काढतो का. ती रोज सांगायची. सगळे गोड बोलतात आप्पा, हसतात, बाई चांगली आहे म्हणतात, फक्त अनुभव कमी वाटतो म्हणतात. "किती वर्षं शिकवतीय ती?" "सगळा जन्म." "आन दार?" "अर्धं." सासरे म्हणाले, पडणार.

आणि ती पडली. त्या सकाळी मी सासुरवाडीलाच होतो. ओट्यावर मोबाईल तांब्याला टेकवून उभा केलेला, पलीकडे मेव्हणीचे डोळे सुजलेले, अलीकडे सासरे मांडीवर थाप मारून म्हणतायत, "सांगितलं हुतं न्हाई? दार अर्धं म्हंजे मत शून्य!"

"आप्पा, ती माझी मैत्रीण आहे," ती म्हणाली.

सासरे जरा ओशाळले. गुरुजी शेजारीच चहा पीत बसले होते, तिची समजूत काढायला पुढे वाकले. ती त्यांना पाहून हसली, आणि मग हसता हसता थांबली.

"गुरुजी, तुमच्या हातात तो निळ्या काठाचाच कप आहे का?"

"व्हय," सासरेच म्हणाले, "त्यांचा पेशल."

"आप्पा, तिच्याबरोबर फिरताना मला सारखं एक आठवत होतं. लहानपणी मी एकदा त्या कपात दूध मागितलं होतं. आईनं माझा हात धरला होता, जोरात. का धरला, ते तेव्हा कळलं नाही. तो कप अजून खिडकीतच असतो का? मांडणीवर का नसतो?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "चिनी मातीचा हाय गं, फुटंल म्हणून ठेवते बाजूला." मी माझ्या हातातल्या स्टीलच्या कपाकडे पाहिलं. अरे देवा, आणि मी त्या निळ्या काठाच्या कपाचा हेवा करत होतो! शेवटी गुरुजींनीच हात पुढे केला, "रेंज गेली वाटतं," असं म्हणून फोन बंद केला. रेंज चांगली होती. मग त्यांनी उरलेला चहा संपवला, उठून नळाखाली कप विसळला आणि नेहमीसारखा खिडकीत पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पेपर तसाच, घडी न मोडता पडलेला. सासरे ओट्यावरून रस्त्याकडे बघत बसायचे, मोटारसायकलचा आवाज आला तरी मान वर करायचे, आणि गुरुजींकडे मोटारसायकल नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! सासूबाईंनी तो कप उकिरड्यावर टाकते म्हटलं तर एकदम खेकसले, "ठेव तिथंच. टाकला तर दोन दिसात इसरून जाऊ आपुन." मला म्हणाले, "गुरुजी आता येतेत का न्हाई ओ? एवढंच सांगा मला. अमेरिका गेली चुलीत." अंदाज सांगणाऱ्या माणसाने मला अंदाज विचारावा!

शेवटी मला घेऊन ते मिशन आळीत गेले. गुरुजींचं घर त्यांना चांगलं ठाऊक, फाटकाशी उभं राहून हाका मारायचे ते नेहमी. "घाईत हाय, बसत न्हाई," हे वाक्य त्या फाटकाला पाठ झालं असेल. त्या दिवशी ते फाटक उघडून, चपला काढून सरळ आत गेले आणि खुर्चीवर बसले. गुरुजींच्या मंडळी बाहेर आल्या तशा म्हणाले, "वहिनी, पानी द्या." त्यांनी तांब्या आणला. सासऱ्यांनी फुलपात्र भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं. मग म्हणाले, "गुरुजी, माझा अंदाज खोटा हाय. चहा येतो एवढंच म्या मोजलं. कशातनं येतो, ते मोजलंच न्हाई. उभं राहू नका, पडाल."

"मी मोजलंय आप्पा," गुरुजी म्हणाले. "काल फॉर्म भरला."

"पडणार ठाऊक असून?"

"तुमच्या लेकीची मैत्रीण उभी राहिलीच ना? आणि तुम्हीच सांगितलंत, माणसाचं माणसाला ठाऊक नसतं. कुणीतरी उभं राहिल्याबिगर ते कळायचं कसं?"

"मग सकाळी का येईनात?"

"फॉर्मची गडबड होती," गुरुजी म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

प्रचाराला सासरे त्यांच्याबरोबर सगळं गाव फिरले. आता जमाना सुधारलाय, वेगळा कप ठेवायची तसदी कुणी घेत नाही, कागदी कप आलेत. घरधनी स्टीलच्या कपातून फुर्र करतोय आणि गुरुजींच्या हातात कागदी, असं दिसलं की सासरे यजमानाला म्हणायचे, "तुमचा गुरुजींना द्या, कागदाचा तुमी घ्या." कुणी हसलं, कुणी तोंड वाकडं केलं. एका घरी म्हातारीच आतून ओरडली, "आरं कपाटातल्या कपबश्या काय पुजायला ठेवल्यात व्हय? काढा की!" त्या घरी सगळ्यांनी एकसारख्या कपबश्यांतून चहा प्याला. लोक विचारायचे, आप्पा, यंदा अंदाज काय? ते म्हणायचे, "माझ्याच घरातलं मला दिसलं न्हाई, तुमचं काय सांगू?"

गुरुजी पडले. वाईट नाही पडले, पण पडले. मिशन आळीच्या बाहेरचीही काही मतं त्यांना मिळाली, ती कुठून आली याचा शोध घेण्याची सासऱ्यांना भारी हौस होती, पण त्यांनी ती दाबली. निकालाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि फाटक वाजलं. गुरुजी. काखेत सकाळचाच पेपर.

सासूबाईंनी चहा आणला. ताटलीत स्टीलचे कप, आणि कडेला तो निळ्या काठाचा. गुरुजींचा हात सवयीने तिकडे जायच्या आत सासऱ्यांनी तो उचलला आणि स्टीलचा एक त्यांच्यापुढे सरकवला. सासऱ्यांनी कप तोंडाकडे नेला आणि हाय करून चहा सांडला.

"कान धरू नका आप्पा," गुरुजी म्हणाले. "कानापाशी चिरलाय तो, चहा झिरपतो, बोट भाजतं. बुडाला धरायचा. असा."

आणि हातात कप नसताना त्यांनी बोटं कशी ठेवायची ते हवेत दाखवलं. सासऱ्यांनी तशी बोटं ठेवली. अंधार पडेपर्यंत ते त्या कपातून थेंब थेंब चहा पीत होते, आणि गुरुजी मोठ्याने पेपर वाचत होते.