पिसाची गरी

साठच्या दशकात मी कतारला, दोहा शहरात एका तेल कंपनीत कारकून होतो. शुक्रवारी सुट्टी, म्हणून पहाटे फजरची नमाज पढून होडीवरची ताजी कोलंबी घ्यायला किनाऱ्यावर जायचो. तिथे एका साहेबाचा खानसामा गुडघाभर पाण्यात उभा असायचा. हातात साहेबाची विलायती काठी. ती नदीतल्या मासेमारीची. कतारात नदीच नाही, हे साहेबाला इथे आल्यावर कळलं आणि त्याने ती ह्याला देऊन टाकली.

गरीला आमिष नाही, नुसतं कोंबडीचं पीस बांधलेलं. तो दोरी हवेत मागे-पुढे झुलवायचा, पीस अलगद पाण्यावर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. मासा कधीच लागत नसे. मी रत्नागिरीचा. मला हे बघवेना. एकदा तो चहा प्यायला काठावर आला, तेव्हा मी गुपचूप त्याच्या गरीला कोलंबी लावली.

तो पाण्यात परतला आणि पाच मिनिटांत काठी वाकली. हातभर हामूर! मी टाळ्याच पिटल्या. त्याने आधी माशाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कोलंबीच्या पुडक्याकडे.

"हे तुझंच काम ना?"

"हो चाचा. आमच्याकडे असंच लावतात."

"आमच्याकडे पण असंच लावतात, शहाण्या! सहा दिवस मी मासेच साफ करतो. ही एक सकाळ तेवढी बिनखवल्यांची होती. चाकू आहे जवळ?"

"आहे."

"मग बस खवलत."

मासा माझ्या मांडीवर टाकून त्याने गरीला नवं पीस बांधलं आणि पाण्यात जाऊन पुन्हा डोळे मिटले. माझ्या कोपरापर्यंत खवले चिकटले होते. पीसच बरं होतं.