नळीतला बुळबुळीत थर

मुलाच्या समुद्री माशांच्या टाकीला एक उभी नळी जोडली आहे. तिच्यात साबुदाण्यासारखे दाणे पाण्यात फिरतात. दाण्यांवर जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो, तो पाण्यातली घाण खातो. थर फार झाला की दाणे चिकटतात, म्हणून रोज नळीला टिचक्या मारायच्या.

"धपाटे नको घालूस आई, सगळा थर एकदम सुटला तर मासे गुदमरतील," मुलगा गावाला जाताना म्हणाला.

"तुला घातले, तू गुदमरलास का?"

मग मला ताप आला. चार दिवसांनी पाहिलं तर दाण्यांचा गोळा झालेला.

माझ्या नवऱ्याची छाती अशीच भरायची. तो अंथरुणाला खिळलेला. मी रोज पाठ थोपटून कफ मोकळा करायची. एकदा चार दिवस बहिणीकडे राहिले. परतल्यावर राहिलेलं सगळं एकदम भरून काढायला जोराने थोपटलं. कफ घशात अडकला आणि तो माझ्या हातांतच गेला. लोक म्हणाले, वेळ आली होती. जोराने थोपटल्याचं मी कुणाला सांगितलं नाही.

मुलाला फोन करून गोळ्याचं सांगितलं.

"आता थर आत सडला तर जास्त वाईट. त्यापेक्षा जोराने हलव, आई."

"मी हात लावणार नाही. तू ये."

"मी परवा येणार. तोवर मासे मरतील."

"मरतील," मी म्हटलं आणि स्टूल ओढून टाकीसमोर बसले.