टोकेलाऊ आणि डोहाचा वाटा

मुलांसाठी एक ज्ञानकोश निघणार होता आणि त्यातलं 'ट' हे अक्षर माझ्या गळ्यात पडलं. 'क' आणि 'स' घेऊन हुशार मंडळी आधीच मोकळी झाली होती. टाकळा, टांझानिया, टिटवी असं करत मी टोकेलाऊपाशी पोचले आणि तिथेच अडकले. पॅसिफिक महासागराच्या मधोमध, न्यूझीलंडच्या ताब्यातली तीन चिमुकली बेटं. संपादकांना नोंद एका पानात हवी होती. मला मात्र त्या बेटांचा असा नाद लागला की पानावर पानं होत गेली.

डोंबिवलीत शेजाऱ्यांच्या ड्रिल मशीनला कंटाळून मी वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याशी एका गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. घरमालकांना मी दादा म्हणते, त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांच्याकडेच दादांची थोरली बहीण राहते. तिला शहापूरकडे, तानशाच्या बाजूला दिली होती. तिकडे पटलं नाही म्हणून तरुणपणीच माहेरी परतली, ती कायमची. सगळं गाव तिला आत्या म्हणतं. तिच्याहून मोठे बाप्येसुद्धा आत्याच म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

आत्या रोज दुपारी तांदूळ निवडायला माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि विचारायची, "काय गो, तुजी बेटं कुठवर आली?" मग मी जे वाचलं असेल ते सांगायचे. सांगितल्याशिवाय माझी सुटका नव्हती आणि खरं तर मलाही राहवत नव्हतं.

टोकेलाऊचं एकेक बेट म्हणजे प्रवाळाचं कंकण. मधे खाजणाचं शांत पाणी, भोवती जमिनीची बारीक कड, आणि कडेच्या बाहेर लगेच अथांग समुद्र. हे समजावायला मी आत्याच्या हातातली बांगडी काढून पाण्याच्या परातीत ठेवली. ती बराच वेळ परातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, यात डोंगर कुठे आहे? मी म्हटलं, डोंगर नाही. सगळ्यात उंच जागा आपल्या घराच्या पत्र्याएवढी. हे तिला अजिबात पटलं नाही. डोंगर नाही तर ढग अडणार कशाला, गुरं चरणार कुठे आणि माणसाला आपलं घर लांबून ओळखू येणार कसं? जिच्या डोक्यावर जन्मभर माळशेजचा कडा उभा आहे तिला सपाट मुलूख ही थाप वाटणारच. पुढे दोन दिवस ती मला खोटारडी समजत होती.

नदी नाही हेही सांगितलं. छपरावरचा पाऊस टाक्यांत साठवतात आणि तोच पितात, हे ऐकून मात्र तिने मान डोलावली. आमच्याकडे पावसाळ्यात पाण्याने जीव नको होतो आणि वैशाखात हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी उतरावं लागतं, त्यामुळे छपरावरचं पाणी धरून ठेवणाऱ्या माणसांबद्दल तिला एकदम आदर वाटू लागला. विमानतळ नाही, धड बंदरही नाही, सामोआहून बोट निघते ती एक दिवस आणि वर काही तास घेते, हे मी सांगितलं तेव्हा दादा शेजारच्या त्यांच्या घरातून म्हणाले की आपली एसटी त्यामानाने बरीच म्हणायची. वर्षातून एकदा मुख्य माणूस बदलतो आणि तीन बेटांना आळीपाळीने तो मान मिळतो, हे दादांनी दोनदा सांगायला लावलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ते एकदा पडलेले आहेत.

मधे त्या लोकांनी एक दिवस कॅलेंडरातून गाळूनच टाकला होता. तारखेची रेषा ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले, म्हणून. आत्या यावर तोंडाला पदर लावून हसत सुटली. त्या दिवशी कुणाचा उपास असता तर बरं झालं असतं, असं तिचं मत पडलं.

हसणं एकदाच थांबलं. दीडशे वर्षांहून जास्त झाली असतील, गुलाम पकडणारी जहाजं त्या बेटांवर आली आणि धडधाकट माणसं भरून पेरूकडे घेऊन गेली. त्यातली परतली ती इतकी थोडी की जवळपास कुणीच नाही. मागे उरली बायका, पोरं आणि म्हातारी. मी हे भराभर सांगून पुढे जाणार होते, पण आत्याचे हात तांदळात तसेच थांबले. तिने विचारलं, त्या माणसांची घरं मग कुणी धरली? ते पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने पुन्हा तेच विचारलं.

मग एके दिवशी मी माशांच्या वाटणीपर्यंत आले. टोकेलाऊला गावाने मिळून मासेमारी केली की सगळे मासे एका जागी आणून टाकतात आणि माणसं मोजून सारखे वाटतात. कोण समुद्रात गेला, कोण घरी झोपला, हे बघत नाहीत. पाळण्यातलं पोरही मोजलं जातं, अंथरुणाला खिळलेली म्हातारीही.

आत्याने सूप खाली ठेवलं.

"आन नवऱ्याकडनं परत आलेली? ती मोजतात का?"

मी म्हटलं, परत आलेली असो की गेलेलीच नसो, माणूस असलं की झालं. हे मी थोडं माझ्या हिमतीवर म्हटलं, पण चुकीचं नसावं.

या प्रश्नामागे काय होतं ते कळायला आमचा डोह माहीत हवा. गावाच्या खाली नदीला डोह आहे. उन्हाळ्यात नदी तुटते तेव्हा मासे त्यात गोळा होतात. गावकीने दिवस ठरवल्याशिवाय त्यात कुणी गळसुद्धा टाकत नाही. ठरल्या दिवशी सगळं गाव उतरतं. मग मरळ, वाम, शिंगटी, कोळंबी जे निघेल त्याचे पळसाच्या पानांवर वाटे लावतात. एका चुलीला एक वाटा. गावातले सगळ्यात जुने तात्या वाट्यांकडे पाठ करून नदीकडे तोंड करतात. कुणीतरी एका वाट्यावर काठी ठेवून विचारतो, "हा कुनाचा?" आणि तात्या न बघता एका चुलीचं नाव घेतात. वडाखालची, टाकीजवळची, वरच्या आळीची. त्या घराने "हाय" म्हणायचं आणि पान उचलायचं. अशी हाक मारली की लबाडीला जागाच राहत नाही.

आत्या दर वर्षी डोहात उतरते. कपारीत हात घालून वाम काढावी तर तिनेच, हे सारं गाव कबूल करतं. तरी तिच्या नावाची हाक कधी झालेली नाही. दादांच्या घराची होते आणि दादा पान उचलतात. मासे एकाच चुलीवर शिजतात, तिच्या ताटात सगळ्यांच्या आधी पडतात, वहिनी तिला डोक्याचा तुकडा वाढतात. घरात तिला काही कमी आहे असं कुणी म्हणणार नाही.

"मासं नको गो मला," ती त्या दिवशी म्हणाली. "येकदा हाक पायजे."

एवढं बोलून तिने सूप उचललं आणि गेली. मी तिच्यामागे गेले नाही, कारण गेले असते तर रडले असते आणि मग तिलाच माझी समजूत काढावी लागली असती.

टोकेलाऊच्या वाटणीची गोष्ट तोवर गावात पसरली होती. मारुतीच्या पारावर डोहाची बैठक बसली तेव्हा एका नातवंडांनी भरलेल्या घराने लगेच सुचवलं की यंदा माणशी वाटा करा. ज्यांच्या घरात दोनच माणसं त्यांनी ते लगेच हाणून पाडलं. कुणी म्हणालं, चूल म्हणता तर अर्ध्या गावात गॅस आहे, त्यांना वाटा कशाचा? कल्याणला कामाला जाणाऱ्या एकाने मोबाइलवर टोकेलाऊ शोधलं आणि नकाशावर निळ्या समुद्राशिवाय काहीच दिसत नाही म्हणून ते अस्तित्वातच नसल्याचं जाहीर केलं. बघ्यांना चेव आला. शेवटी तात्यांनी काठी आपटली. त्यांचं म्हणणं साधं होतं. वाडवडिलांपासून चुलीला वाटा आहे, चुलीलाच राहील, आणि गॅस हीसुद्धा चूलच. आत्या बायकांत मागे बसली होती.

डोहाच्या दिवशी सकाळी घरामागे धूर दिसला. पडवीच्या मागे आत्याने तीन दगड मांडले होते आणि त्यावर चहाचं भांडं ठेवून ती फुंकर मारत होती.

आमच्याकडे घरात वेगळी चूल पेटली की त्याचा एकच अर्थ होतो. वहिनींनी धूर बघितला आणि पाण्याचा हंडा तिथेच टेकवला. आपलं काय चुकलं, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. दादा जाळं खांद्यावर टाकून माझ्या दारात आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"बाई, तुमच्या बेटानं माजं घर फोडलं."

मला रागही आला आणि भीतीही वाटली. घर फुटलं असतं तर मी त्या गावात कुणाला तोंड दाखवणार होते? मी त्यांना बसवलं आणि आत्या माझ्याशी जे बोलली होती ते जसंच्या तसं सांगितलं. तिला वेगळं व्हायचं नाही. तात्यांनी चुलीला वाटा म्हटलं म्हणून तिने चूल मांडली. हाकेसाठी.

दादा जाळ्याच्या दोरीशी खेळत राहिले. "येवढंच व्हतं तर बोलली का नाय?"

मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलं होतं? ते उठले आणि डोहाकडे निघून गेले. मला वाटलं, झालं, आता मीही उतरले यांच्या मनातून.

डोहात दुपारपर्यंत दंगा चालला होता. माणसं चिखलाने ओळखू येईनात. आत्याने नेहमीप्रमाणे कपारीतून हातभर वाम ओढली. मग पळसाची पानं मांडली, वाटे लागले, तात्यांनी नदीकडे तोंड केलं. काठी यंदा दादांच्या हातात होती. एकेक हाक होत गेली, एकेक पान उचललं गेलं. दादांच्या घराची हाक झाली तेव्हा त्यांनी स्वतःच "हाय" म्हटलं. शेवटचा वाटा गेला आणि तात्या वळणार, तेवढ्यात दादा म्हणाले, "थांबा."

त्यांनी एक कोरं पान घेतलं. आपल्या वाट्यातले अर्धे मासे त्यावर ठेवले. त्या पानावर काठी टेकवली.

"हा कुनाचा?"

तात्या पाठमोरेच होते. म्हणाले, सगळ्या चुली झाल्या की. दादा म्हणाले, एक राहिली, आमच्या पडवीमागची, सकाळी पेटली ती. आत्या कमरेएवढ्या पाण्यात होती, तशीच उभी राहिली. तात्या वळले. अर्ध्या पानाकडे बघितलं, मग आत्याकडे. आणि दादांवरच डाफरले, "हा काय वाटा झाला? ही तर भीक. समद्यांनी पानं खाली ठेवा."

एवढी कुरकूर मी त्या गावात कधी ऐकली नव्हती. ऊन डोक्यावर आलेलं, पोरांना भुका लागलेल्या, आणि सगळे मासे पुन्हा एका ढिगात. पण ठेवले सगळ्यांनी. नातवंडांनी भरलेल्या घराची सून तर वाटा लावायला स्वतः बसली. एक पान जास्त लागलं. तात्या पुन्हा नदीकडे वळले, दादांनी काठी फिरवली. वडाखालची, टाकीजवळची, आणि मग कुठलंही कौतुक न करता, बाकीच्यांना मारली तशीच,

"आत्याची चूल."

आत्या "हाय" म्हणाली. बारीक आवाजात नाही. पलीकडच्या काठावर म्हशी बसल्या होत्या, त्यांनी माना वर केल्या. पाण्यातून वर येऊन तिने पान उचललं, तेव्हा वहिनींनी खालून हात लावला.

ते मासे त्या तीन दगडांवर शिजले नाहीत. घरी येताच आत्याने आपलं पान वहिनींच्या टोपात उलटं केलं आणि म्हणाली, "घाल यातच, मीठ बेतानं टाक." त्या दगडांवर आता अंघोळीचं पाणी तापतं.

संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावलं. मी आपली जाऊन दादांच्या पानाशेजारी बसले, कारण नेहमी तिथेच बसते. आत्याने मला हाताला धरून उठवलं, आपल्या शेजारी बसवलं आणि वहिनींच्या हातातली पळी घेतली.

"आज तू माज्या घरची पावनी," ती म्हणाली, आणि डोक्याचा तुकडा माझ्या ताटात वाढला.