दोष सोळा, गाडी एक

लिफ्ट तपासणाऱ्या माणसाला गुण लिहायला कुणी शिकवत नाही. तपासणीच्या कागदावर दोषांचाच रकाना असतो. लिफ्ट चांगली आहे हे लिहावं लागत नाही. माणसं धडधाकट बाहेर येतात, त्यावरून कळतंच. अठ्ठावीस वर्षं असे कागद भरून आमच्या तपासनीसांची जीभही तशीच वळली होती. बायकोने नवीन पडदे लावले, तर ते म्हणाले, "डावीकडचा बोटभर खाली. बाकी चालू स्थितीत."

त्यांना नाद एकच, जुन्या मोटारसायकलींचा. मोबाइलवरच्या लिलावात घ्यायच्या, सुट्टीच्या दिवशी नीट करायच्या, पुन्हा लिलावातच विकायच्या. घेतानाची रड वेगळी, विकतानाची वेगळी. घेताना आठवडाभर एखाद्या गाडीवर डोळा ठेवून बसावं, आणि लिलाव संपायला तीन सेकंद उरले की कुठलासा उपटसुंभ चिमूटभर जास्त बोली लावून ती उचलून न्यायचा. तीनदा असं झाल्यावर चौथ्या वेळी तपासनीसांनीच शेवटच्या घटकेला बोली लावली आणि गाडी जिंकली. काळी, रुंद टाकीची, फोटोत मोठ्या ऐटीत उभी.

टेम्पोतून उतरली तेव्हा कळलं, अकराच्या अकरा फोटो डाव्या बाजूचे होते. उजवीकडे सायलेन्सर तारेने बांधलेला, किकचा दांडा वाकडा, टाकीला पोचा.

"फोटोच्या मागे जाऊन बघता येत नाही," बायको म्हणाली. ती बालवाडीत शिकवायची. "माझ्या वर्गातल्या पोरांनासुद्धा कळतं हे."

चार महिने खपून त्यांनी गाडी चालती केली. ती उभी होती खालच्या खोलीत, उजवी बाजू भिंतीला लावून. घर वरच्या मजल्यावर, खाली एवढी एकच खोली. आणि आता ती खोली हवी होती सासूबाईंना. त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता आणि डॉक्टरांनी जिना बंद केला होता. येत्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी त्या कायमच्या इथे येणार होत्या. म्हणजे त्याआधी गाडी जायलाच हवी होती.

तपासनीसांनी जाहिरात लिहिली. गाडी ओढून मधोमध घेतली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि खाली सवयीने लिहिलं, 'दोष : सोळा.' मग एकापाठोपाठ एक सोळा.

बायकोने वाचलं. "अहो, ही जाहिरात आहे की पंचनामा?"

"आहे ते लिहिलंय."

"खोटं लिहा असं मी म्हणत नाही. देव दोन्ही बाजूंनी बघतो, मला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक पहिल्या ओळीच्या खाली उतरत नाही. एखादा गुण तरी लिहा. आवाज किती छान आहे तिचा."

"आवाज तपासणीत येत नाही."

"मग काय येतं?"

"चौथा दोष. तिसऱ्या किकला चालू होते."

व्हायचं तेच झालं. एकाने विचारलं, फ्रिजच्या बदल्यात देता का. दुसऱ्याने सगळ्यात मोठी बोली लावून लिलाव जिंकला आणि गायब झाला, चार दिवसांनी फोन उचलला तेव्हा म्हणाला, "काका, ते माझ्याकडून सहज दाबलं गेलं." तिसऱ्याने फक्त एवढंच लिहिलं, 'यात चांगलं काय आहे?' तपासनीसांनी दोन दिवस विचार करून उत्तर दिलं, 'चालते.'

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "जावईबापू, काय ठरलं? मी येऊ, की त्या खोलीत तुमची गाडीच राहणार?"

"तुम्ही येताय, आई. सोमवारी."

"नाही म्हटलं, आमच्या दोघींचा उजवा पाय कामातून गेलेला. तिचा निदान तुम्ही नीट तरी केलात."

हसले तपासनीस, पण फोन ठेवल्यावर सोमवारपर्यंतचे दिवस मोजले. शब्द दिला होता. त्यांनी गाडी पुन्हा लिलावात टाकली. मुदत शनिवार संध्याकाळची. बायकोने देवापुढे हात जोडले ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

गुरुवारी 'पारवा' नावाच्या कुणाचा तरी प्रश्न आला. 'दोष नऊ. टाकीखाली आतल्या बाजूला खिळ्याने ओढल्यासारखी रेघ. किती लांब?'

तपासनीसांनी पट्टी आणून मोजली. 'सव्वापाच सेंटिमीटर. एक टोक वाकलेलं.'

'कुठल्या चाकाकडे?'

ते फरशीवर उताणे झोपले, टॉर्च मारला. 'मागच्या.'

मग पलीकडून काहीच नाही.

"आता तो रेघ तेवढी विकत घेईल," बायको म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी दोघं मोबाइलपुढे बसली. बोली एकही नाही. एक मिनिट उरलं. दहा सेकंद. बायकोने डोळे मिटले. तीन सेकंद उरले आणि पारव्याची बोली पडली.

"आला," तपासनीस म्हणाले. "उपटसुंभ आला." जन्मात पहिल्यांदा त्यांनी हा शब्द मायेने उच्चारला असेल.

पण बोली लावणारा येतोच असं नाही, हे पाठ झालेलं. रविवारी सकाळपासून ते दारात. दुपारी एक माणूस आला, चाळिशीचा, बेकरीवाला. कोपरापर्यंत पीठ तसंच. नमस्कार केला आणि सरळ गाडीच्या उजवीकडे जाऊन गुडघ्यांवर बसला. टाकीखाली बघितलं. बराच वेळ उठेचना.

"माझीच आहे," तो म्हणाला. "म्हणजे वडिलांची. लहानपणी मी खिळ्याने तिथे पारवा काढत होतो. मान काढून झाली आणि वडिलांनी कान धरला."

गेल्या वर्षी भट्टी बिघडली तेव्हा त्याने गाडी याच लिलावात विकली होती, आणि घेणाऱ्याचा नंबर जुन्या मोबाइलबरोबर गेला होता. वडील गेल्यापासून तो तिला शोधत होता. "अशाच गाडीच्या सतरा जाहिराती बघितल्या, काका. सगळ्या म्हणे नव्यासारख्या. नव्यासारखीत मी माझी कशी ओळखणार?"

तपासनीसांना बरं वाटलं, पण एक गोष्ट आत सलत होती. "मला विकलीत तेव्हा फोटो सगळे डाव्या बाजूचेच का?"

तो खाली बघत म्हणाला, "दुकानामागचा बोळ अरुंद आहे. उजवी बाजू भिंतीला. वळवायला जागा नव्हती, हे खरं." मग थांबला. "जागा असती तरी तो फोटो मी काढला नसता, हेही खरं."

"हं," तपासनीस म्हणाले. "हे चांगलं सांगितलंत."

बेकरीवाल्याने किक मारली. एक, दोन. तिसऱ्याला गाडी सुरू झाली, जाहिरातीत लिहिल्याबरहुकूम, आणि गल्लीच्या वळणापर्यंत तिचा आवाज ऐकू येत राहिला.

सोमवारी सासूबाई आल्या. खोली पुसून, खाट टाकून तयार होती. खाटेवर टेकून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. "जावईबापू, खरं सांगा, कशी आहे खोली?"

"फरशीवर तेलाचा डाग आहे. निघाला नाही. खिडकी अर्धीच उघडते. नळ ठिबकतो, तो उद्या करतो."

"आणखी?"

तपासनीस घुटमळले. उशीचा अभ्रा घालता घालता बायकोचा हात थांबला.

"सकाळी ऊन चांगलं येतं," ते म्हणाले.