बसथांब्यावरचं एकत्र कुटुंब

विषय : आमच्या लेआउटपर्यंत शहर बस आणण्याबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज. २) त्याच अर्जदाराची अक्कल.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर प्रकरणी अर्जदाराने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला असून, तो धोंडाही त्यानेच पूर्वी रीतसर मंजुरी घेऊन तेथे ठेवला होता.

जाऊ द्या. सारी हयात कारकुनीत गेली. उद्या यम दारात आला तरी मी आधी त्याचा आवक क्रमांक विचारीन. पण ही फजिती साध्या भाषेतच सांगितलेली बरी. माझीच आहे, तेव्हा हसायला लाजू नका.

आमचं ऑफिस शहराच्या आखणीचं. वस्ती कुठे, बाजार कुठे आणि नुसतंच गवत कुठे, हे नकाशावर रंग भरून ठरवायचं. गवताला ते कळवायची पद्धत नव्हती. तर शहराच्या कडेला नोकरदारांसाठी एक लेआउट पडला. (नागपुरात वस्ती वसत नाही, लेआउट पडतो.) त्याच्या अटींचा मसुदा माझ्या टेबलावर आला. मी झकास लिहिला. एका प्लॉटवर एकच कुटुंब. वर मजला नाही. भाडेकरू नाही. दुकान नाही, पिठाची गिरणी नाही, चहाची टपरी तर मुळीच नाही. का? तर ‘रहिवाशांस शांतता लाभावी म्हणून’.

साहेबांनी ‘शांतता’ या शब्दाखाली रेघ ओढून समासात ‘उत्तम’ असं लिहिलं. माझ्या नोकरीतला हा एकमेव ‘उत्तम’. घरी जाऊन बायकोला सांगितलं. आमची खोली तेव्हा जुन्या महाल भागात, खाली भांडी ठोकणाऱ्याचं दुकान. दिवसभर ठण ठण ठण! ती हातातला तवा खाली ठेवून म्हणाली, “मंग आपुन बी तेथंच घेऊ न एक प्लॉट. मले बी लाभू द्या थोडी शांतता.”

प्लॉट मिळाला. घर जोत्यापर्यंत आलं आणि ती गेली. पुढच्या भिंती मी एकट्याने उभ्या केल्या आणि निवृत्त होऊन तिथे राहायला गेलो. शांतता लाभली, तीही दोघांच्या वाटची.

कसली शांतता म्हणता? माझ्या डाव्या हाताला रिकामा प्लॉट, उजव्या हाताला रिकामा प्लॉट, त्याच्या पलीकडे वासनिक मास्तर. त्यांच्या घरी कुकरची शिट्टी झाली की मला वाटतं, चला, कोणीतरी बोललं. मास्तर भला माणूस. पण सकाळी सायकलवर शाळेत जातात ते दिवेलागणीला परत येतात. दुपारी मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. जाहिरातींसकट. एकदा खिडकीत एक बकरी येऊन ऐकत उभी राहिली. तिला नोकरीच्या जाहिराती आवडल्या नाहीत, निघून गेली.

संध्याकाळी मात्र मी महालात. तिथल्या चहाच्या दुकानाबाहेर आमची जुनी बैठक असते. तिचा म्होरक्या गुणवंता. छापखान्यात जन्मभर उलटी अक्षरं जुळवत आला, त्यामुळे याचं सरळ काही नसतं. मी दर भेटीत म्हणायचो, “गुणवंता, एकदा घरी या सारे. घर तर बघा.”

“येतो न गा! काहून नाई येणार?” गुणवंता म्हणायचा. “पण बस नाक्यावर सोडून देते. पुढं ते काळी माती! मागच्या खेपेले निघालो तं चप्पल तेथंच राहिली, मी एकलाच पुढं गेलो, अन् तसाच वापस फिरलो. तुही बस सुरू होऊ दे, मंग पाय. रोज बैठक तुह्याच घरी!”

सगळे माना डोलवायचे. मीही असा भाबडा, की सीताबर्डीच्या बाजारातून पेंढ्यात बांधलेल्या डझनभर कपबशा घेऊन आलो. बैठक आली की धावपळ नको!

आणि बससाठी अर्ज केला. अर्ज कसा करावा हे मला कोणी शिकवायचं नाही. उत्तर आलं : ‘सदर ठिकाणी पुरेसे प्रवासी उभे आढळून आल्यास विचार करण्यात येईल. निरीक्षक येत्या सोमवारी सकाळी पाहणी करतील.’

आता मला सांगा, जिथे बसच येत नाही तिथे बससाठी कोण उभं राहील? तरी मला राग आला नाही. त्या खुर्चीवर मी असतो तर हेच लिहिलं असतं. फक्त ‘विचार करण्याचा विचार’ लिहिलं असतं.

संध्याकाळी बैठकीत मी चेहरा पाडून बसलो. गुणवंताने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे नुसते माणसंच पायजे?”

“हो. उभी राहिलेली.”

“अबे, तू मेल्यावर खांदा द्यायले येऊच न आम्ही? मंग जित्तेपणी उभं राहाले काय जाते? पोहे देशीन?”

“तर्रीसकट.”

“मंग झालं!”

गुणवंताचा साडू लकडगंजात एका आरागिरणीवर ट्रक चालवायचा. सोमवारी सकाळी, मी थांब्यासाठी म्हणून ठरवलेल्या कडुनिंबाखाली उभा असताना, तो ट्रक धूळ उडवत आला. त्यातून बैठक उतरली. बैठकीचे भाऊ उतरले. भावांचे शेजारी उतरले. दोन भजनी मंडळी आणि एक न्हावी उतरला. त्याचं गिऱ्हाईकही सोबत होतं, अर्धी दाढी झालेलं. सगळ्यांच्या डोक्यावर लाकडाचा भुसा. ट्रक बाभळीआड लपवला. आमच्या लेआउटने एवढी माणसं कधी पाहिली नव्हती. मीही पाहिली नव्हती. खोटं कशाला सांगू, मी डोळे पुसले. आळ भुशावर ढकलला.

मी प्रत्येकाला एक प्लॉट नेमून दिला. “तू प्लॉट नंबर चार. तू अकरा. विचारलं तर तेवढंच सांगायचं. गुणवंता, तू तेवीस.”

“तुहा कोणता?”

“सत्तावीस. माझं सोड, तू तेवीस लक्षात ठेव.”

निरीक्षक सायकलवरून आले. तरुण, भिडस्त, बगलेत वही. रांग पाहून ते सायकलवरून पडायचेच राहिले. “बाप रे! इतके प्रवासी?”

“रोजचंच आहे साहेब,” मी म्हणालो.

त्यांनी पहिल्या माणसाला विचारलं, “कुठे राहता?”

पहिला गुणवंता. तो माझ्याकडे पाहू लागला. मी डोळ्यांनी तेवीस म्हणत होतो. पण डोळ्यांनी तेवीस म्हणणं सोपं नसतं, करून पाहा. गुणवंता छाती काढून म्हणाला, “प्लॉट नंबर सत्तावीस!”

दुसऱ्याने विचार केला, म्होरक्या सांगतो ते खरं. “सत्तावीस.” तिसरा, “सत्तावीस.” भजनी मंडळींनी तर एका सुरात सांगितलं. न्हावी म्हणाला, “सत्तावीस, अन् हे माहं गिऱ्हाईक बी सत्तावीसच.”

निरीक्षकांची पेन्सिल थांबली. “एका प्लॉटवर एवढी माणसं? चालतं का हो असं इथे?”

खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. साऱ्या जगाला कळलं असतं की इथे गप्प बसायचं. पण अटींचा विषय निघाला, आणि मसुदा माझा! मला राहवेना. ‘उत्तम’ मिळालेला माणूस मी!

“छे छे! मुळीच नाही चालत,” मी म्हणालो. “एका प्लॉटवर एकच कुटुंब. अटच आहे तशी. भाडेकरू ठेवला तर कारवाई होते.”

रांगेत शांतता पसरली. लाभावी तशी.

गुणवंता धावून आला. “मंग एकच कुटुंब हाय न साहेब! एकत्र कुटुंब! माया लय हाय ह्या म्हाताऱ्यात, कोणाले वेगळं होऊच देत नाई.”

“आणि तुम्ही यांचे कोण?”

“मी? मी यायची सून... म्हंजे सुनेचा काका!”

निरीक्षकांनी सगळं लिहून घेतलं, नम्रपणे नमस्कार केला आणि गेले. इकडे पोहे निघाले. कागदाच्या पुड्यांवर, कडुनिंबाखालीच. असं हसणं, अशी ओढाओढ! अर्ध्या दाढीवाल्याने तीनदा घेतले. मी म्हणालो, “आता घरी चला. चहा तिथे. कप काढतो.”

तेवढ्यात बाभळीआडून हॉर्न. आरागिरणी सुरू व्हायच्या आत ट्रक परत न्यायचा होता. माणसं भराभर चढली.

“घर तर बघा रे! हे काय, इथूनच दिसतं!”

“आता नाई गा,” गुणवंता ट्रकमधून ओरडला. “बस सुरू झाली की निवांत येतो!”

धूळ खाली बसली. मी पोह्यांचे कागद गोळा केले. एकट्याने.

पंधरवड्यात पत्र आलं. बसचं असणार म्हणून मी अंघोळ करून उघडलं. ते माझ्याच जुन्या ऑफिसचं निघालं. प्रामाणिक निरीक्षकांनी आपला अहवाल तिकडेही पाठवला होता. मजकूर असा : ‘भूखंड क्रमांक सत्तावीस येथे आपण विनापरवाना खानावळ व वसतिगृह चालवीत असल्याचे दिसून येते. मंजुरी रद्द का करू नये याचा खुलासा करावा.’ भाषा ओळखीची वाटली. का वाटणार नाही? तो नमुना मीच घालून दिला होता.

चौकशीला ढोबळे आला. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, आता साहेबाच्या हुद्द्यावर. मी शिकवलं होतं की ओळख दाखवायची नाही. पठ्ठ्याने दाखवली नाही. घर फिरला. एक खाट. एक ताट. एक उशी. न्हाणीघरात एक पंचा. मग फडताळ उघडलं आणि त्याचे डोळे चमकले.

“आणि हे डझनभर कप? एकट्या माणसाला?”

“पाहुण्यांसाठी आहेत.”

“कोण पाहुणे?”

“बस सुरू झाली की येणारे.”

त्याने एक कप पेंढ्यातून काढला. दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. बोटाने आत पुसून पाहिलं, धूळ निघाली. त्याने कप हळूच परत ठेवला, आणि पहिल्यांदाच म्हणाला, “नाना, चहा टाकू का मी?”

“आधी पंचनामा,” मी म्हणालो. “चौकशीच्या जागी चहा घ्यायचा नसतो. विसरलास?”

वासनिक मास्तरांना आणि दूधवाल्याला पंच म्हणून बोलावलं. मास्तर बिचारे संकोचले. “काय सांगू साहेब, यायच्याकडं कोणी येतच नाई हो. मी स्वतः शेजारी असून...” दूधवाला म्हणाला, “पावभर दूध घेते हो म्हातारा. तेही मांजर पेते. वसतिगृह कायचं?”

ढोबळेने लिहिलं : ‘सदर इसम बहुधा एकटाच राहतो. घरात अन्य व्यक्तींची ये-जा आढळून आली नाही.’

मी वाचलं आणि माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. “ढोबळे, हे ‘बहुधा’ काय? असं मोघम लिहिलंस तर फाइल वर्षानुवर्षं बंद होणार नाही.”

“असू द्या नाना. बरं दिसतं ते.”

“बरं दिसण्यासाठी पंचनामा नसतो.” मी त्याच्या हातातून पेन घेतलं, ‘बहुधा’ खोडलं आणि बाजूला सही केली. एकटेपणाची अशी पक्की नोंद नागपुरात दुसऱ्या कोणाची नसेल.

घर वाचलं. पण त्या पंचनाम्याची प्रत रीतसर बसवाल्यांकडे गेली. त्यांनी कळवलं : ‘अर्जदाराखेरीज प्रवासी नसल्याचे अर्जदाराच्याच सहीने सिद्ध झाले आहे. वस्ती वाढल्यास पुन्हा अर्ज करावा.’ बरोबर आहे. मग मी माझ्या जुन्या ऑफिसला अर्ज केला, की अट शिथिल करा. वर मजला चढवू द्या, भाडेकरू ठेवू द्या, कोपऱ्यावर एक टपरी येऊ द्या. तिथून उत्तर आलं, की अशी सवलत फक्त बसच्या रस्त्यावरच्या प्लॉटना देता येते. ही पोटअटही माझीच. तिला ‘उत्तम’ मिळाला नव्हता, एवढंच.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा गुणवंता खोकला येईपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, “पण बाबू, एक सांग. तू तं रोज येऊनच राहिला न येथं. मंग बस पायजे कोणासाठी?”

मी म्हटलं, “तुमच्यासाठी.”

“हो का?” तो म्हणाला, आणि बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसला. “बरं, सुरू झाली की येतोच.”

तर सध्याची परिस्थिती अशी. नाक्यापर्यंत बस आहे. पुढे चालावं लागतं. बस मिळण्याबाबतचा अर्ज वस्तीअभावी, आणि वस्ती वाढवण्याबाबतचा अर्ज बसअभावी, आजमितीस प्रलंबित आहेत.