धडधाकट माणसांची सही मिळवणाऱ्या कांबळेबाई

प्रा. विमल कांबळे यांच्याशी माझी खरी ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळे. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात बाईंच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकत होतो. बाईंनी इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांसाठी आरोग्यविम्याची ऐच्छिक योजना आखली होती आणि अर्ज भरून घ्यायला मला पाठवले. मी आपल्याच मनाने घरोघर विचारले, ‘आजारी कोण आहे?’ आणि तेवढीच नावे लिहून गठ्ठा बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो चाळला.

“अरे, ह्यात धडधाकट माणूस एकबी न्हाई की!”

त्या रागावल्या नाहीत. मी तसे विचारले नसते, तरी ऐच्छिक योजनेत आजारीच पुढे आले असते, हे त्यांनी ओळखले होते.

व्हायचे तेच झाले. निरोगी माणसे बाहेर राहिली, खर्च भागेना म्हणून हप्ता वाढला, तसे आणखी लोक गळाले आणि योजना बंद पडली. त्यात अडकले दस्तगीरभाई. हे जुने विणकर हृदयाच्या शस्त्रक्रियेची वाट पाहत होते. बाई मला घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेल्या. “दस्तगीरभाई, आखणी माझी चुकली.”

“चुकलं म्हणून सांगाय कोण दारात येत न्हाई, बाई. पर आता माझं काय?”

परतीच्या एसटीत मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पुढे कित्येक महिने बाईंनी सुटीच्या दिवशी कारखाने पालथे घातले. आता विमा एकेकट्याचा नव्हे, कारखान्यातल्या सगळ्यांचा एकदम, हप्त्यात मालकाचाही वाटा. दस्तगीरभाईंचे मालक महत्प्रयासाने तयार झाले. पण शेवटच्या बैठकीत विम्याच्या साहेबांनी अट घातली: आधीचे आजारी गाळा, हप्ता अजून उतरेल.

बाई कामगारांकडे वळल्या. “पैसे तुमचे हाईत. तुमीच सांगा.”

मग माग दुरुस्त करणारा सदाशिव उठला. ‘दुसऱ्याच्या दुखण्याचं मी का भरू?’ म्हणून बाईंशी सर्वांत जास्त हुज्जत त्यानेच घातली होती.

“भाईंनी मला काम शिकवलंय. त्यांचं नाव गाळायचं आसंल तर माझंबी खोडा.”

त्याच्यामागून एकेक जण उभा राहिला. सगळा कारखानाच हातचा जातोय हे पाहून साहेबांनी अट सोडली. दस्तगीरभाईंची शस्त्रक्रिया त्याच वर्षी पार पडली.

पुढे वर्गात हा विषय शिकवताना बाईंनी नेहमी आपल्या फसलेल्या योजनेपासूनच सुरुवात केली. असा मोठेपणा मी दुसरीकडे पाहिला नाही.

बाईंच्या एकसष्टीनिमित्त त्यांना निरोगी, उदंड आयुष्य चिंतताना मला माझे शब्द अपुरे वाटतात. दवाखान्यातून घरी आलेल्या दस्तगीरभाईंनी बाईंचे हात धरून म्हटले होते, “मला माघारी आणलासा, बाई. आता तुमी माझ्या आधी जायाचं न्हाई.”

बाई, त्यांचं एवढं ऐकाच.